जेम्स स्टार्लीला आपण कर्ज दिलं असतं का?

विजेच्या गाड्यांची आपल्याकडची चर्चा दोनच माणसांभोवती फिरते. एक गाडी घेणारा. चार्जिंग कुठे करू, एका चार्जिंगमध्ये किती जाईल, टोल माफ आहे का, हे त्याचे प्रश्न. दुसरा मोठा कारखानदार. त्याला जमीन, सवलत आणि मुख्यमंत्र्यांबरोबर करारावर सही करतानाचा फोटो मिळतो. या दोघांच्या मधला तिसरा माणूस भोसरीत, चाकणच्या आजूबाजूला, कोल्हापूरच्या शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात एका गाळ्यात उभा असतो. त्याच्याकडे दोन लेथ, कर्जाने घेतलेलं एक सीएनसी (संगणकाने चालणारं) मशीन आणि चारपाच पोरं. तो व्हॉल्व्ह गाइड करतो, क्लचचा एखादा भाग करतो, नाहीतर सायलेन्सरचे ब्रॅकेट वाकवतो. पेट्रोल-डिझेलचं इंजिन गेलं की त्याचा पार्ट गेला. पिस्टन, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, फ्युएल पंप, क्लच, पाच-सहा गिअरचा खोका, यातलं काहीच विजेच्या गाडीला लागत नाही.

या तिसऱ्या माणसाला बाजाराच्या भरवशावर सोडू नये, आणि मोठ्या कंपनीला दिलेला पैसा झिरपत त्याच्यापर्यंत पोचेल या भ्रमातही राहू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. त्यासाठी आधार घेतोय तो एका इंग्रज सायकलवाल्याच्या आयुष्याचा. आपल्यापुढचा प्रश्न त्याच्या शहराने एकदा नव्हे, तीनदा सोडवला. त्यातला एक भाग मात्र अजिबात सोडवला नाही.

जेम्स स्टार्लीचा जन्म १८३० चा, ससेक्समधल्या आल्बर्न गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणीच बापाच्या शेतात राबायला लागला. मोडक्या छत्रीची काडी आणि झाडाची फांदी घेऊन त्याने उंदराचा सापळा केला होता, असं सांगतात. पोरवयातच घर सोडून तो लंडनजवळ लुइशमला गेला आणि जॉन पेन नावाच्या बड्या असामीच्या बागेत माळीकाम करू लागला. फावल्या वेळात घड्याळं दुरुस्त करायचा. पेन जहाजांची इंजिनं बांधणारा कारखानदार होता. त्याच्या घरचं महागाचं शिलाई मशीन बिघडलं, ते या माळ्याने खोललं, चालू केलं, वर त्यात सुधारणाही सुचवली. पेनने त्याची गाठ त्या मशीनच्या कंपनीतल्या जोसाया टर्नरशी घालून दिली, आणि १८५९ मध्ये माळ्याचा मेकॅनिक झाला.

हातात पदवी नाही, गाठीला पैसा नाही, तारण ठेवायला जमीन नाही. होती ती फक्त बिघडलेली वस्तू उघडून बघायची खोड.

दोन-तीन वर्षांत टर्नर आणि स्टार्ली कॉव्हेंट्रीला आले आणि तिथे शिलाई मशीनची कंपनी उभी राहिली. तेव्हाचं कॉव्हेंट्री म्हणजे संपानंतरचं गिरणगाव. शहराचं पोट रेशमी फितींच्या विणकामावर आणि घड्याळांवर चालायचं. १८६० मध्ये ब्रिटनने फ्रान्सशी व्यापार करार केला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि फितींचा धंदा बघता बघता बसला. माग थंड पडले, माणसं रिकामी झाली. घड्याळाच्या कामातल्या बारीक हातांची मात्र गावात वाण नव्हती. शिलाई मशीनला नेमके तेच हात लागतात: छोटे दाते, छोटे स्क्रू, जरा फरक पडला की टाका चुकतो.

शिलाई मशीनवरून सायकलवर उडी कशी पडली ते बघण्यासारखं आहे. टर्नरचा पुतण्या रोली टर्नर पॅरिसमध्ये कंपनीचं काम बघायचा. १८६८ च्या अखेरीस तो तिथून एक व्हेलोसिपीड घेऊन कॉव्हेंट्रीत उतरला. पुढच्याच चाकाला पायडल, लाकडी चाकांवर लोखंडी धाव आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करणारी ती गाडी. फ्रान्ससाठी अशा चारशे गाड्या करून द्या, अशी त्याची मागणी होती. कंपनीने शिलाई मशीनच्याच यंत्रांवर काम सुरू केलं आणि नावही बदलून घेतलं. इतक्यात १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं आणि फ्रान्सची बाजारपेठ बंद झाली. ऑर्डर हातची गेल्यावर पोटात कसा गोळा येतो, ते गाळेवाल्याला सांगायला नको. त्यांनी गाड्या घरच्याच बाजारात विकायला काढल्या, आणि विकायच्या तर सुधारायलाच हव्या होत्या.

स्टार्लीची खरी करामत इथून पुढची. लाकडी चाकात आरे वजन पेलतात ते दाबले जाऊन, म्हणून ते जाड लागतात. तारेच्या चाकात तारा मुळातच ताणून बसवलेल्या असतात, त्यामुळे चाक पिसासारखं हलकं होतं. १८७० मध्ये स्टार्लीने विल्यम हिलमनच्या जोडीने 'एरियल' या सर्व धातूच्या सायकलचं पेटंट घेतलं. तिच्या तारा हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापासून, सरळ बाहेर, सूर्यकिरणांसारख्या जात. पण पायडल मारल्यावर आधी हब फिरतं आणि धाव किंचित मागे राहते. तो पीळ तारेच्या बुडाशी येतो आणि तार तिथेच तुटते. १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तिरप्या लावल्या, हबच्या कडेला स्पर्श करून निघणाऱ्या आणि एकमेकींना छेद देणाऱ्या. आता जोर दिला की निम्म्या तारा आणखी ताणल्या जातात आणि चाक एकसंध वळतं. तुमच्या कोपऱ्यावरचा सायकल मिस्त्री चाकाचा आऊट काढायला बसतो, तारेच्या टोकाचं निपल अर्धा फेरा आवळतो, समोरचा पाव फेरा सोडतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात असते ती स्टार्लीचीच मांडणी. दीडशे वर्षांत तिच्यापेक्षा बरं काही सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. स्टार्ली मुलाबरोबर शेजारी शेजारी बसून चालवायच्या तीनचाकीवर निघाला होता. दोघे स्वतंत्र चाकं फिरवत होते, मुलाचा जोर जास्त, त्यामुळे गाडी एका अंगाला ओढली जायची. यातून त्याने दोन्ही चाकांना जोर सारखा देणारा पण वेग वेगवेगळा घेऊ देणारा गिअर काढला आणि १८७७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ही कल्पना फ्रान्समध्ये पेकरने पन्नास वर्षं आधीच मांडली होती. ती रस्त्यावर रुळवली तीनचाकीने. पुढे राणी व्हिक्टोरियाने त्याच्या तीनचाकी मागवल्या, त्याचं तेव्हा फार कौतुक झालं. मला राणीपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की इंजिन जाणार असलं तरी डिफरन्शियल राहणार आहे. एका मोटरवर चालणाऱ्या विजेच्या गाडीलाही वळणावर तेच लागतं. एक धंदा बुडतो तेव्हा त्यातलं सगळं बुडत नाही. काय बुडणार आणि काय तरणार याची यादी वेळेवर करणं, हेच धोरणाचं पहिलं काम असायला हवं.

१८८१ मध्ये जेम्स गेला. त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' सेफ्टी सायकल काढली. जवळपास सारखी दोन चाकं, मागच्या चाकाला साखळी, मधे बसणारा माणूस. आज आपण सायकल म्हणतो ती हीच. उंच चाकावरून तोंडघशी पडायची भीती गेली आणि सायकल धाडसी तरुणांच्या हातून सगळ्यांच्या हातात आली. पुतण्याला मी एकट्याने शोध लावणारा महापुरुष मानत नाही. मागच्या चाकाला साखळी लावायची कल्पना हॅरी लॉसनने १८७९ मध्येच मांडली होती. चांगली साखळी मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये केली होती. हवेचा टायर बेलफास्टच्या डनलॉपने १८८८ मध्ये दिला. रोव्हर जमली कारण हे सगळं जोडून, चुकून, पुन्हा करून बघता येईल असे लोहार, लेथ चालवणारे आणि फिटर एका शहरात हाकेच्या अंतरावर होते. पहिल्या रोव्हरचं हँडल पुढच्या चाकाला थेट जोडलेलं नव्हतं, ते काम दांड्यांमार्फत चालायचं; ते नीट बसलं नाही, लगेच पुढच्या नमुन्यात बदललं. असं करायला शेजारी गाळा लागतो.

याच पुतण्याने १८८८ मध्ये बॅटरीवर चालणारी तीनचाकी करून पाहिली. म्हणजे भोसरीच्या आजच्या काळजीची गाडी कॉव्हेंट्रीत पेट्रोलच्या मोटारीआधीच तयार झाली होती! इंग्लंडचा तेव्हाचा कायदा यांत्रिक गाडीला रस्त्यावर माणसाच्या चालीने चालायला लावत होता, म्हणून ती चाचणीसाठी फ्रान्सला नेली. कायदा बरोबर वेळी बदलला नाही तर शोध परदेशी जातो, हा धडाही त्यात आला.

तिसरं वळण १८९६-९७ चं. सायकलचा फुगा फुगला, दिसेल त्या कंपनीचे शेअर बाजारात आले, आणि वर्षभरात फुगा फुटला. फुगवणाऱ्यांत हाच लॉसन पुढे होता. पुढे १९०४ मध्ये फसवणुकीसाठी त्याला वर्षभर सक्तमजुरी झाली. पण त्याच लॉसनने १८९६ मध्ये कॉव्हेंट्रीतल्या एका रिकाम्या कापूस गिरणीत डेमलर मोटारी सुरू केल्या होत्या. सायकलच्या मंदीत रिकामी झालेली यंत्रं मोटारसायकलींकडे वळली, मग मोटारींकडे. १९०४ मध्ये रोव्हरची मोटार आली. हिलमन, सिंगर, ट्रायम्फ ही पुढची मोटारींची नावं सगळी सायकलवाल्यांचीच. हिलमन आणि जॉर्ज सिंगर तर स्टार्लीच्याच कारखान्यात घडलेले. ट्रायम्फचा बेटमान न्यूरेंबर्गहून आलेला जर्मन, आणि या परक्याला शहराने १९१३ मध्ये महापौर केलं. बाहेरून आलेल्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आपल्या शहरांना हे सांगायचा मोह मला आवरत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बघा, सरकारने काही न करता सगळं आपोआप झालं. फिती गेल्या, शिलाई मशीन आलं. सायकल बसली, मोटार आली. बाजाराला त्याचं काम करू द्या.

हे अर्धंच खरं आहे. शहर तरलं, विणकर तरले नाहीत. फितीचा माग चालवणाऱ्याच्या हाताला एका रात्रीत कानस आणि लेथ जमत नाही. १८६० नंतर कित्येक कुटुंबं कॉव्हेंट्री सोडून गेली, काही अमेरिकेपर्यंत गेली, मागे राहिलेल्यांवर वर्गणीतून शिधा खायची पाळी आली. पहिली सायकल बाहेर पडेपर्यंत मधे जवळपास आठ वर्षं गेली. चाळिशीतल्या विणकराला ही आठ वर्षं कोणी भरून दिली? अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा काळ एका स्वल्पविरामात संपतो. घरात तो शाळेतून काढलेल्या पोरांत आणि विकलेल्या मागांत मोजला जातो. मुंबईत १९८२ च्या संपानंतर आपण हेच पाहिलं, आणि वाईट म्हणजे तिथे पुढची पायरीही आली नाही. कॉव्हेंट्रीतल्या रिकाम्या गिरणीत मोटारी आल्या, आपल्याकडे गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर आले. कुशल हातांसाठी जागाच उरली नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतील: शहराचं कसब टिकवणं, आणि मधल्या काळात माणूस टिकवणं. पहिली कॉव्हेंट्रीला बऱ्याच अंशी नशिबाने साधली. दुसरी साधलीच नाही.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण आहे आणि तेही सायकलच्या दुकानातून निघालेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आणि त्यांचे बंधू रामूअण्णांनी बेळगावात सायकली विकायचा धंदा केला, लोकांना चालवायला शिकवलं. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी नांगर घेईनात, विकला जायला वर्षं गेली. पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक छोटं संस्थान, एक विकला न जाणारा नांगर आणि एक सायकल दुकानदार. औंधच्या राजाने त्याची मागच्या वर्षाची उलाढाल विचारली असती तर काय झालं असतं?

आज आपण नेमकं तेच विचारतो. वाहन उद्योगासाठी केंद्राने २०२१ मध्ये २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना आणली, भर विजेच्या आणि हायड्रोजनच्या गाड्यांवर. तिच्यात सुटे भाग करणाऱ्याने यायचं तर समूहाची उलाढाल निदान ५०० कोटी आणि स्थिर मालमत्तेतली (यंत्रं, इमारती) गुंतवणूक १५० कोटी हवी. बाहेरच्या क्षेत्रातून नव्याने येणाऱ्याची नक्त मालमत्ता १,००० कोटी हवी. शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याला हे आकडे वाचून दाखवा, तो हसेल आणि भट्टीकडे वळेल. योजना वाईट नाही. मोठ्या कंपन्यांना ओढून आणायला अशा योजना लागतात. पण ती योजना म्हणजेच बदलाचं धोरण, असं समजणं वाईट आहे. स्टार्लीसारखा माणूस त्या दारातून आत येऊच शकत नाही.

यावर मोठ्या कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही वाढलो की आमचे व्हेंडर वाढतातच. ते किती खरं, याचं ताजं उदाहरण कॉव्हेंट्रीतच घडलं, आणि त्याचा धागा थेट पिंपरीपर्यंत येतो. जॅग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटा समूहाची आहे, मुख्यालय कॉव्हेंट्रीत, आणि पुतण्या स्टार्लीने रूढ केलेलं रोव्हर हे नावही तिच्याच मालकीत आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सायबर हल्ल्याने तिचं उत्पादन महिनाभराहून जास्त ठप्प झालं. ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली, आणि ती दिली मोठ्या कंपनीला. पुरवठा साखळी वाचावी हाच हेतू होता. पण खालच्या थरातल्या छोट्या पुरवठादारांची तक्रार होती की मदत वरच अडकते, आणि आमच्याकडे आठवड्याचा पगार द्यायला रोख नाही. कोणी मुद्दाम अडवलं असं मी म्हणत नाही. पैसा चार थरांतून खाली येतो आणि प्रत्येक थर आधी आपली थकबाकी भागवतो, एवढंच.

आपल्याकडे ती गळती रोजचीच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे. उशीर केला तर खर्चाची वजावट लांबणीवर टाकणारी आयकर तरतूदही एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तरी गाळेवाल्याला विचारा, 'साहेब, तक्रार करतो का कधी?' तो म्हणेल, तक्रार केली तर पैसे येतील, पण पुढची ऑर्डर येणार नाही. ज्याचे तीन महिन्यांचे पैसे अडकलेत तो नवीन पार्टचे नमुने कशाच्या जोरावर करणार? तपासणाऱ्याने पहिले दोन लॉट परत पाठवले तर तो माल, ते स्टील, त्या पाळ्या कोणाच्या खिशातून? मोठ्या कंपनीला नमुन्यासाठी वेगळं बजेट असतं. छोट्याला नमुना म्हणजे सरळ तोटा. आणि स्टार्लीचं सगळं आयुष्य म्हणजे नमुनेच नमुने.

मग करायचं काय? घाऊक अनुदान वाटायला माझा विरोध आहे. ते कागद रंगवणाऱ्यांकडेच जातं. त्याऐवजी नमुन्याचा खर्च वाटून घ्या. इंजिनाचा पार्ट करणाऱ्या गाळ्याने मोटरच्या कव्हरचा, डिफरन्शियलच्या गिअरचा किंवा पंपाच्या, शेतीयंत्राच्या भागाचा नमुना करायला घेतला, तर स्टील आणि टूलिंगचा काही हिस्सा राज्याने उचलावा, आणि नमुना नापास झाला तरी उचलावा. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तशी यंत्रं आणि तसे शिकवणारे लोक कोल्हापूरच्या उद्यमनगराच्या तोंडावर हवेत. दिवस बुडवून तीन-चार जिल्हे ओलांडून जाणं चारपाच पोरांच्या गाळ्याला परवडत नाही. आणि एमआयडीसीतली लहान गाळ्यांची जागा, धंदा बसला म्हणून, गोडाऊनला आणि घरबांधणीला सोडू नका. जागा गेली की हात पांगतात, आणि पांगलेले हात पुन्हा एका गल्लीत आणता येत नाहीत.

कोणी म्हणेल, एवढी घाई कशाला. विजेची गाडी आपल्याकडे हळूच येतेय, ट्रक आणि ट्रॅक्टर तर अजून बरीच वर्षं डिझेलवरच चालतील. खरं आहे, आणि आपल्या बाजूचं सगळ्यात मोठं बळ तेच आहे. कॉव्हेंट्रीच्या विणकरांना एका कराराने गाठलं. आपल्याला पुढचं दिसतंय. दिसत असताना हातावर हात धरून बसणं ही वेगळी चूक असेल. दुचाकी आणि तीनचाकीत तर बदल डोळ्यांदेखत चाललाय. पुण्यात रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं तरी मोजता येईल.

राहिला गाळ्यातला कामगार. तो बहुतेकदा कंत्राटी असतो, हजेरी वहीत असतो पण भविष्य निर्वाह निधीत नसतो. गाळा बंद झाला तर कोणत्याही आकडेवारीत ती नोकरी गेल्याची नोंद होत नाही, कारण ती होती याचीच नोंद नव्हती. कोणतंही पुनर्प्रशिक्षण या माणसापर्यंत पोचायचं तर आधी त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं. कामगार खात्याने भोसरी, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव एवढ्या चार ठिकाणी गाळ्यागणिक फिरून कोण कोणता पार्ट करतो आणि कोणत्या मशीनवर उभा राहतो याची यादी करावी. शिकाऊ काळातला पगार द्यायची तयारी सरकारने दाखवली तर तीस वर्षांचा टर्नर मोटर वाइंडिंग किंवा गिअर ग्राइंडिंग शिकायला नाही म्हणणार नाही. बिनपगारी सहा महिन्यांच्या कोर्सला मात्र तो येणार नाही. घरभाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं.